खोक्यातले बूट

दक्षिण रॉटरडॅमच्या बाजारात योलांडा कोयमानची मासे तळायची गाडी आहे. त्या गाडीसमोर उभं राहायचं तर माणसाची कातडी जरा जाड असावी लागते. "काय राजा, आज पुन्हा लहान पुडा? बायकोने उपाशी ठेवलंय की डॉक्टरने?" असं ती पहिल्या गिऱ्हाइकाला विचारते, आणि दुसऱ्याला म्हणते, "तू जरा मागे हो बाबा, तुझं तोंड बघून माझे मासे आंबतील." लोक हसतात आणि रांग काही कमी होत नाही. कॉड माशाचे कढईतून निघालेले गरम तुकडे आणि वर लसणीचा पांढरा सॉस खायला नदीच्या पलीकडून माणसं येतात. येताना सॉस पुसायला घरून रुमाल आणतात, कारण कागदी रुमाल मागितला तर योलांडा आणखी चार शब्द ऐकवते.

पुढून दिसते ती कमरेच्या वरची योलांडा. जाड दंड, पांढरा एप्रन, डोक्याच्या दोन्ही बाजू मशीनने बारीक केलेल्या आणि मधल्या केसांची घट्ट वेणी. पन्नाशी उलटून गेली तरी तिने ही तऱ्हा सोडलेली नाही. कमरेच्या खालची योलांडा पाहायची असेल तर गाडीच्या मागच्या दाराशी जावं लागतं. तिथे पांढऱ्या रबरी चपलांत तिचे पाय अखंड चालू असतात. टाच, चवडा, टाच, एक आडवी लाथ, पुन्हा टाच. तेल तापत असताना सावकाश, गर्दी वाढली की जलद. हे काय चाललंय म्हणून कोणी विचारलं तर म्हणते, "मुंग्या येतात पायाला."

मुंग्याबिंग्या काही नाहीत. योलांडा गॅबर आहे. गॅबर म्हणजे आमच्या बोलीत दोस्त, पण या शहरात विशीतली अर्धी पोरं एके काळी स्वतःला गॅबर म्हणवून घ्यायची ती त्या गाण्यापायी. मिनिटाला दोनशे ठोके, आणि ठोका असा की बरगड्यांत जाऊन बसावा. ॲमस्टरडॅमचे शहाणे नाक मुरडून म्हणायचे, यांच्या गाण्याला ना चाल ना सूर, नुसता ठोका. आमचं शहर म्हणायचं, हो, नुसता ठोका, मग? पोरं डोक्याचा गोटा करायची, पोरी कानावरचे केस उडवायच्या, सगळ्यांच्या अंगात भडक रंगाचे ट्रॅकसूट आणि पायात तळाशी हवेचा फुगा असलेले बूट. तो फुगा हवाच, नाहीतर टाचा आपटून आपटून दुसऱ्या दिवशी माणूस लंगडत कामावर जायचा. त्या नाचाला हाकन म्हणतात, आणि सबंध दक्षिण भागात योलांडासारखं हाकन कोणाला जमत नव्हतं. ती उतरली की "यो, यो" ओरडत गर्दी आपोआप मागे सरायची आणि गोल व्हायचा. तिच्या एका बाजूला अँजेलिक, दुसऱ्या बाजूला विम. ही दुक्कल आजही तिच्या शेजारीच असते. अँजेलिक आता शाळेची बस चालवते, विम बंदरात क्रेनवर असतो. विम तेव्हा डोकं वस्तऱ्याने तासायचा. ते काम हल्ली निसर्ग फुकटात करतो.

तर योलांडाचे बूट. मासे साफ करायच्या कारखान्यात पहिला पूर्ण पगार मिळाला तेव्हा तिने ते घेतले. दुधासारखे पांढरे, बाजूला लाल पट्टी. मोठ्या हॉलमधल्या एका रात्री ते घालून ती नाचली, ती एकच रात्र. मग डेमी पोटात असल्याचं कळलं. डेमीचा बाप, पोर रांगायला लागायच्या आत, दुसऱ्या कोणाबरोबर तरी स्पेनला निघून गेला. त्याची गोष्ट एवढीच आणि तेवढीच पुरे. बूट मात्र राहिले. योलांडाने ते जुन्या दातांच्या ब्रशने घासले, आत कागदाचे बोळे भरले, मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले आणि खोकं कपाटाच्या वर. एखाद्या चांगल्या दिवसासाठी.

चांगले दिवस काही थोडे आले नाहीत. डेमीला पोहण्याचं प्रमाणपत्र मिळालं. स्वतःची गाडी झाली. पन्नाशीला अँजेलिकने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दारात चिंध्यांची म्हातारी बसवली आणि सगळ्या गल्लीने केक खाल्ला. प्रत्येक वेळी खोकं खाली आलं, झाकण निघालं, योलांडाने आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, "आज नको." खोकं पुन्हा वर. डेमी लहानपणी एकदा त्या बुटांत पाय घालून घरभर फिरली होती, तेव्हा आईने तिला असं झापलं की पोरगी आजही त्या कपाटासमोरून जाताना खांदे आवळते.

आता डेमी सत्तावीस वर्षांची आहे. दिवसा सायकलींच्या दुकानात काम करते, आणि उरलेला वेळ इमारतीच्या तळघरातल्या कोठीत घालवते. कोठीत एका बाजूला योलांडाचा मासे ठेवायचा फ्रीजर आणि दुसऱ्या बाजूला डेमीचं टेबल, संगणक, दोन जुने स्पीकर. गेला अख्खा हिवाळा पोरीने एका ठोक्यावर घालवला. तोच ठोका, कधी जाड, कधी धारदार, कधी खरखरीत. योलांडा मासे न्यायला उतरायची आणि टोमणा मारल्याशिवाय वर यायची नाही.

"अजून तोच?"

"तोच नाही. कालचा मऊ होता, मम."

"आमच्या वेळी ठोका म्हणजे ठोका असायचा. मऊबिऊ काही नव्हतं."

"तुमच्या वेळी झाडून सगळे बहिरे झालात, म्हणून तुम्हाला फरक कळत नाही."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं," योलांडा म्हणायची आणि दोघी हसायच्या.

एकदा मार्चमध्ये ती उतरत होती तेव्हा कोठीतून पियानोची चाल ऐकू आली. साधी, चार-पाच सुरांची, संध्याकाळी खिडकीशी बसून गुणगुणावी तशी. योलांडा मनाशी म्हणाली, हे काय, दातांच्या डॉक्टरकडे लावतात तसलं? आणि मग तो ठोका आला. जिन्याचा कठडा हातात थरथरला, फ्रीजरचं झाकण वाजायला लागलं, आणि ती चाल त्या ठोक्यावर अशी स्वार झाली की योलांडा जिथल्या तिथे थबकली. ती आत गेली नाही. पायरीवर उभी राहून तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्या दिवशी मासे न घेताच वर आली. आपल्या पोरीने हे केलंय, या विचाराने तिला रात्रीचं जेवणसुद्धा सुचलं नाही. पण तोंडावर कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी ती डेमीला एवढंच म्हणाली, "झाकण नीट बसव त्या फ्रीजरचं. वाजतंय."

गाणं तयार झालं. पण गाणं तयार होणं वेगळं आणि बाहेर येणं वेगळं. या शहरात नवं हार्डकोअर, म्हणजे आमचं हेच ठोक्याचं गाणं, बाहेर काढायचं तर बेर्टुसकडे जावं लागतं. बेर्टुस हा साठीकडे झुकलेला, किडकिडीत, कायम काळ्या जॅकेटातला माणूस. त्याची छोटीशी कंपनी आहे, पण त्याने काढलेली तबकडी म्हणजे तबकडी, हे जपानपर्यंत लोक मानतात. त्याची एक खोड आहे. कचेरीत बसून तो कधीच होकार देत नाही. गाणं बनवणाऱ्याला म्हणतो, जत्रेत वाजव, मी येतो. जत्रा म्हणजे उन्हाळ्यातले आमचे गाण्याचे मेळे. तिथे तो नाचायच्या लाकडी फळीच्या कडेला उभा राहतो आणि फक्त पाय बघतो. तोंडाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचं म्हणणं असं की लोकांची तोंडं भिडस्त असतात, ओळखीचं कोणी वाजवत असलं की हसतात, पायांना ती भीड नसते. पाय उठले तर तबकडी निघणार, नाही उठले तर नाही. दुसरी संधी तो देत नाही.

डेमीला जुलैतल्या एका मेळ्यात जागा मिळाली होती. शहराबाहेरच्या तळ्याकाठी, सगळ्यात लहान तंबूत, तेही भर दुपारी बारा वाजता, जेव्हा लोक गवतावर पसरून कॉफी पीत असतात. बेर्टुस म्हणाला, "येतो." एवढंच.

आठवडाभर आधी डेमी गाडीवर आली. योलांडा कढईत झारा फिरवत होती.

"मम, एक मागू?"

"पैसे सोडून काहीही."

"शनिवारी ये. पण माझं गाणं लागेल तेव्हा नाचू नकोस."

झारा कढईतच थांबला. "माशाला म्हण, पोहू नकोस."

"आधी, नंतर, काय हवं ते कर. फक्त तेवढं गाणं सोड. तू उतरलीस की गोल होतो. सगळे तुझ्याकडे बघतात. मग बेर्टुसला कसं कळणार, पाय गाण्याने उठले की तुझ्यामुळे?" डेमी गाडीच्या कडेवरचा सॉस नखाने खरवडत राहिली. "लहानपणापासून मी योची पोर आहे, मम. सगळे तेच म्हणतात, मला वाईट नाही वाटत. पण गाण्याला तरी स्वतःच्या पायावर उभं राहू दे."

योलांडाला हे लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. तिने मनात कधीचं ठरवून टाकलं होतं की त्या दिवशी खोकं उघडायचं, बूट घालायचे, फळीवर उतरायचं आणि पोरीसाठी अख्खा तंबू उठवायचा. तिने दोन पुडे गिऱ्हाइकांना दिले. मग म्हणाली, "बरं. मागे उभी राहीन, हाताची घडी घालून. चर्चमध्ये उभी असल्यासारखी."

"शपथ?"

"या कढईची शपथ. आता हो बाजूला, मासे जळतायत."

शनिवारी गाडी बंद राहिली. बाजारात या गोष्टीची दोन आठवडे चर्चा झाली, कारण योलांडाची गाडी तापातही बंद नसते. डेमी सकाळीच आवाज तपासायला पुढे गेली होती. योलांडाने खुर्चीवर चढून खोकं काढलं. नाचायचं नसलं तरी घालायला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं. बूट तसेच होते, पांढरेशुभ्र, एक सुरकुती नाही. विमच्या गाडीत ती पाय उचलून धरून बसली, तळ खाली टेकू नयेत म्हणून.

अँजेलिक गाडीत चढली आणि योलांडाने तिच्या पायांकडे पाहिलं. तेच बूट, हिरवी पट्टी. मग दोघींनी विमकडे पाहिलं.

"काय बघताय?" विम म्हणाला. "माळ्यावर होते. बायकोला माहीत नाही."

तिघांनी ठरवून काही केलं नव्हतं. पण त्या पिढीच्या जवळजवळ प्रत्येक घरात असं एक खोकं आहे.

दारावर रखवालदाराने अँजेलिकची पिशवी तपासली. आत घडीची खुर्ची, कानात घालायचे बोळे, विमचा गुडघ्याचा पट्टा आणि चीज घातलेले सहा पाव.

"बाई, आत खाणं नेता येत नाही."

"हे खाणं नाही रे, औषध आहे. आमच्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत."

"कसल्या गोळ्या?" रखवालदार एकदम सावध झाला.

"रक्तदाबाच्या," विम म्हणाला, आणि मागच्या रांगेतली पोरं खदखदली. रखवालदाराने पाव सोडून दिले.

तंबूत लाकडी फळी घातली होती आणि तिच्यावर मोजकी डझनभर माणसं. बाकीची बाहेर गवतावर, बटाट्याचे तळलेले तुकडे खात. डेमी वर टेबलामागे, कानाला एक हात, मान खाली. बेर्टुस कडेला उभा, नजर जमिनीवर. योलांडा सगळ्यात मागे, हाताची घडी घालून. तिची वेणी मात्र ठोक्यागणिक उडत होती, तिला ती काय करणार.

डेमी आधी दुसऱ्यांची गाणी लावत होती. स्वतःचं तिने शेवटी ठेवलं होतं. त्याच्या आधी तिने एक जुनं लावलं, योलांडाच्या काळातलं, आणि विमने योलांडाला कोपर मारलं.

"यो! हे तर आपलं!"

"शपथ तिच्या गाण्यापुरती आहे," योलांडा म्हणाली, आणि घडी सुटली.

ती उतरली. पाठोपाठ अँजेलिक आणि गुडघ्याला पट्टा लावलेला विम. पहिल्या दोन टाचांत योलांडाला कळलं की पाय सगळं विसरलेले नाहीत, एक लकबसुद्धा नाही. इतकी वर्षं कढईमागे हलत राहिलेल्या त्या पायांना फक्त मोकळी जागा हवी होती. ती हसायला लागली. फळीवरची पोरं मागे सरली, बाहेरून माणसं आत आली, हातात पुडे घेऊन, आणि गोल झाला. अगदी पूर्वीसारखा.

मग डावी टाच मऊ लागली, पावाच्या तुकड्यावर पडल्यासारखी. योलांडाला वाटलं कोणाचं तरी खाणं सांडलंय. पुढच्या ठोक्याला उजवीही तशीच. तिने खाली पाहिलं तर फळीवर पिवळसर भुगा पडला होता, आणि तो तिच्या मागेमागे फिरत होता.

"यो!" अँजेलिक पोट धरून ओरडली. "अगं तुझा बूट विरघळतोय!" आणि हसत हसत एक पाऊल पुढे आली. तिचा तळ मात्र आला नाही. तो मागे फळीवरच राहिला, हिरव्या पट्टीची बाई पुढे.

विमने दोघींकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि खांबासारखा उभा राहिला. "मी हलतच नाही," तो म्हणाला. "मला कोणी हात लावू नका." अँजेलिकने त्याला हात लावला. दोन्ही तळ एकदम गेले.

हे बूट रोज घातले असते तर झिजले असते, पण असे गेले नसते. खोक्यात ठेवले की तळाचा फोम आतल्या आत कुजत जातो आणि वरून काही दिसत नाही. हे आज आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कारण त्या दुपारची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. गोलातले लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. तेवढ्यात एका तरुण पोराने आपल्या पायांकडे पाहिलं, म्हणाला, "अरे बापरे, हे बाबांचे आहेत," आणि चवड्यांवर चालत तंबूबाहेर गेला.

योलांडा हसत नव्हती. पायात नुसत्या वरच्या कातड्याची टोपणं घेऊन ती भुग्यात उभी होती. पोहण्याच्या प्रमाणपत्राच्या दिवशी नाही घातले, पन्नाशीला नाही घातले, पोरीला पाय घालू दिला नाही. कशासाठी? तिला खरंच रडू यायला लागलं.

आणि नेमका तेव्हाच पियानो सुरू झाला.

वर डेमीची मान खालीच होती. खाली काय झालंय याची तिला गंधवार्ता नव्हती. चाल तंबूभर पसरली, चढत गेली, आणि मग ठोका आला, तोच, हिवाळाभर घडवलेला. एकही पाय उठला नाही. शंभरेक माणसं गोल करून उभी, फोन वर धरलेले, आणि सगळ्यांच्या नजरा योलांडावर. आता ही बाई काय करते? योलांडाने शपथ आठवून हाताची घडी घातली. ती जितकी गप्प राहिली तितके लोक तिच्याकडे जास्तच बघत राहिले. बेर्टुस कडेला उभा राहून पाय बघत होता. ते सगळे जमिनीला चिकटलेले होते.

योलांडाला हिशोब लागला. उतरले नसते तर गोल झाला नसता. बूट घातले नसते तर लोक असे बघत राहिले नसते. पोरीने एकच गोष्ट मागितली होती.

डेमीने मान वर केली. तिला फळी दिसली, भुगा दिसला, आई दिसली. मग तिने माइक ओढला.

"मम! उभी काय राहिलीस? नाच!"

योलांडाने दोन्ही टोपणं पायांनी भिरकावली. आत जांभळे मोजे होते, अंगठ्याला भोक पडलेले. त्या मोज्यांवर ती नाचली, आणि काय नाचली! शब्दांनी सांगण्यात अर्थ नाही, चित्रफीत बघावी. गोल मोडला, सगळे आत घुसले, फळी दणाणली, आणि गाणं संपलं तेव्हा तंबू ओरडत होता, पुन्हा, पुन्हा!

योलांडा धापा टाकत बेर्टुसपुढे गेली. "उठले की नाही पाय?"

"उठले," बेर्टुस तिच्या मोज्यांकडे बघत म्हणाला. "आधी तुझे, मग त्यांचे. हे मी धरत नाही."

"बेर्टुस, तू माणूस आहेस की—"

"ऐक. मी दुसरी संधी देत नाही, तुला माहीत आहे. पण ही पहिली झालीच नाही." त्याने बिअरचं रिकामं क्रेट पायाने ओढून उलटं केलं. "ती पुन्हा वाजवेल. तू इथे बस. हात गुडघ्यांवर. हललीस तर मी निघालो."

योलांडा बसली. तिच्या आयुष्यात आजवर कोणी तिला असं बसवलेलं नव्हतं. अँजेलिकने तिच्या एका खांद्यावर हात ठेवला, विमने दुसऱ्यावर, आणि दोघांनी चांगला जोर दिला.

पियानो पुन्हा सुरू झाला. फळीचा मधला भाग मोकळा होता, तिथे फक्त भुगा. लोकांनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग इकडेतिकडे. गंमत संपली, असं म्हणून काही जण बाहेर वळले. योलांडाच्या हातांखाली तिचे गुडघे कढईवरच्या झाकणासारखे थडथडत होते. डेमी आईकडे बघत नव्हती. तिचे डोळे मिटलेले होते.

ठोका पडला. काही नाही. दुसरा, तिसरा, चौथा. लाल केसांची एक उंच मुलगी दोन्ही हातांत बिअरचे पेले घेऊन दाराकडे निघाली होती. ती थांबली. पेले तसेच धरून तिने मान जरा वाकडी केली, ऐकत असल्यासारखी, आणि तिची टाच खाली आली. बिअर मनगटावरून सांडली तरी तिला पत्ता नाही. तिच्या शेजारच्याची टाच आली. मग त्याच्या मागच्याची. बाहेर वळलेले परत फिरले. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. फोन खिशात गेले होते. गोल कुठेच नव्हता, आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सगळी फळी एका दमात खालीवर होत होती.

योलांडाने फळी नाचताना कधी पाहिलेलीच नव्हती. ती नेहमी मधे असायची. आता कडेला, क्रेटवर, पायांच्या उंचीवर बसून तिला दिसत होते ते नुसते पाय. नवे बूट, मळके बूट, सँडल, एकाचे तर पावसाळी गमबूट. सगळे तिच्या पोरीचं ऐकत होते. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात गुडघ्यांवर असल्यामुळे पुसता येईना, आणि ते पुसायची तिला इच्छाही नव्हती.

गाणं संपलं. बेर्टुसने मान वर केली, त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच.

"काढतो," तो म्हणाला.

"आता उठू?" योलांडाने विचारलं.

"ऊठ बाई."

ती उठली ती थेट टेबलावर चढून डेमीला मिठी मारायला. पोरीच्या कानात ती जे बोलली ते मोठ्याने, कारण कानात बोळे होते, आणि माइक चालू होता, म्हणून सगळ्या तंबूने ऐकलं. "मी मार्चमध्येच जिन्यावर उभी राहून ऐकलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सुंदर आहे गं, फार सुंदर आहे."

"आणि फ्रीजरचं झाकण?" डेमी रडत रडत म्हणाली.

"खड्ड्यात गेलं झाकण!"

तबकडी ऑक्टोबरात निघाली. वेष्टनावर भुग्यात टेकलेला एक जांभळा मोजा आहे, अंगठ्याच्या भोकासकट. ही बेर्टुसची कल्पना. योलांडाने आधी थयथयाट केला आणि मग वीस प्रती घेऊन सगळ्या बाजारात वाटल्या, ज्यांच्या घरी तबकडी वाजवायचं यंत्र नाही त्यांनाही.

ज्या बुधवारी तबकडी दुकानांत आली, त्या सकाळी डेमी गाडीच्या मागच्या दाराशी उभी राहिली. हातात कापडी पिशवी. तिने आत हात घालून बूट काढले. पांढरे, लाल पट्टीचे, कोरे करकरीत.

योलांडाने हात एप्रनला पुसले, एक बूट घेतला, आत नाक घालून वास घेतला. मग पिशवीत डोकावली.

"खोकं कुठाय?"

"कागदाच्या कचऱ्यात टाकलं."

"अगं, इतके पांढरे, नुसते कसे ठेवायचे मी?"

"ठेवायचेच नाहीत, मम. घाल."

"इथे? तेलात?"

डेमी दाराला टेकून उभी राहिली. योलांडाने बराच वेळ बूट हातात फिरवले. मग रबरी चपला बाजूला सरकवल्या, क्रेटवर बसून नाड्या बांधल्या आणि उभी राहिली. समोर रांग लागली होती. तिने माशांचा पहिला घाणा सोडला आणि कढईतून तेलाचा एक थेंब उडून डाव्या बुटाच्या नाकावर पडला. पिवळा, चांगला पैशाएवढा डाग.

तिने फडका उचलला. डागाकडे पाहिलं, दारातल्या पोरीकडे पाहिलं, आणि फडका परत खुंटीला अडकवला.

"काय बघतोयस रे?" ती पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसली. "मोठा पुडा घे. आज माझ्या पोरीचं गाणं आलंय." आणि गाडीच्या मागे, पुढून कोणाला दिसत नाही तिथे, नवे बूट चालू झाले.